सोमवारपर्यंत

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय कारभारी अण्णा शेजूळ. आमचे प्राचार्य डॉ. पुंडलिक वाघचौरे, आजचे सत्कारमूर्ती, आधी माझे शिक्षक आणि नंतर माझे विभागप्रमुख डॉ. सर्जेराव गव्हाणे सर. या इतिहास विभागासाठी सरांइतक्याच, खरं तर काकणभर जास्तच झिजलेल्या सौ. आशाबाई वहिनी, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, गावाकडून आलेले पालक, आणि मागच्या दाराशी उभं राहून स्वयंपाक कुठवर आलाय याचा अंदाज घेणारी तरुण मंडळी. सगळ्यांना माझा नमस्कार आणि आदाब.

सूत्रसंचालन करणाऱ्या श्रेयानं मघाशी माझी ओळख करून दिली. त्यातली निम्मी विशेषणं तिनं गेल्या महिन्यात वनस्पतिशास्त्राच्या सरांना दिली होती, माझ्या लक्षात आहेत. हरकत नाही. आपल्याकडं विशेषणं आणि शाली फिरत्याच असतात. तिनं माझ्या हातात चिठ्ठीही दिलीय, 'मॅडम, थोडक्यात.' सर हसतायत, कारण त्यांना आठवलं असणार. आम्ही वर्गात थोडक्यात उत्तर दिलं की ते म्हणायचे, थोडक्यातच बोलायचं होतं तर इतिहास कशाला घेतला?

चिठ्ठीत पुढं लिहिलंय, 'मनोगत संपल्यावर अपेक्षाचा स्वीकार.' बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक निवृत्त झाला की त्याला दुसरा मार्गदर्शक शोधावा लागतो. बाकी सगळीकडं हे काम एका अर्जावर होतं. आमच्या विभागात ते व्यासपीठावर होतं. विद्यार्थ्याचे आईवडील वर येतात. जुन्या मार्गदर्शकाच्या साक्षीनं आपल्या लेकराचा हात नव्या मार्गदर्शकाच्या हातात देतात. नवा मार्गदर्शक श्रीफळ देतो आणि म्हणतो, 'आजपासून हे लेकरू माझं.' याला आम्ही 'हाती देणं' म्हणतो. सरांच्या गुरुजींपासून ही रीत चालत आलीय. बघताना डोळ्यांत पाणी येतं. लग्नातही येतंच म्हणा.

तर आज वेरूळजवळच्या एका वाडीवरून आलेले कडुबाभाऊ ढोले आपल्या लेकीचा, अपेक्षाचा हात माझ्या हातात देणार आहेत. ताट तयार आहे. मला इथून दिसतंय, नारळाला हळदकुंकूही लागलंय. ते ताट पुढं यायच्या आत मला थोडं बोलून घेऊ द्या.

सरांबद्दल काय सांगू? आम्ही एम.ए.ला होतो तेव्हा सर नवे नवे नोकरीला लागले होते. आम्हाला वेरूळला घेऊन गेले. आम्हाला वाटलं, कैलास दाखवणार. सर आम्हाला घेऊन गेले एका अर्धवट लेण्यापाशी. तिथं उन्हात उभं केलं आणि म्हणाले, पूर्ण झालेलं तर सगळी दुनिया बघते. हे बघा. कारागिरानं छिन्नी कुठं थांबवली ते बघा. का थांबवली असेल? आम्ही अंदाज सांगत राहिलो. दगड खराब लागला असेल, राजा गेला असेल, दुष्काळ पडला असेल. सरांनी एकालाही चूक म्हटलं नाही. परत येताना एवढंच म्हणाले, 'थांबला, म्हणून हात वाचले त्याचे.' तेव्हा मला ते वाक्य विशेष वाटलं नव्हतं.

माझे अब्बा, मुबारकभाई, यांचं शहागंजात अत्तराचं दुकान होतं. माझं एम.ए. झालं तेव्हा घरात सगळ्यांचं मत पडलं की आता पुरे. अब्बांचं काहीच मत पडलं नाही, त्यांनी मला सायकलवर मागं बसवलं आणि सरांच्या घरी नेलं. उस्मानपुऱ्यात सर भाड्यानं राहायचे. वहिनींनी चहा दिला. अब्बांनी टोपी मांडीवर ठेवली आणि विचारलं, 'साब, इत्ता पढ के बच्ची खुश तो रहेंगी ना?' सरांनी कप खाली ठेवला. टोपीकडं बघितलं. मग म्हणाले, 'मुबारकभाई, खूश राहील का ते मी सांगू शकत नाही. पण गप्प राहणार नाही, हा शब्द देतो.' अब्बा घरी येईपर्यंत हसत होते. अम्मीला म्हणाले, 'गप तो ये अब्बी बी नै रहती, उसको पढाने का क्या काम?' आणि तरीही त्यांनी मला शिकवलं.

सर, तो शब्द लक्षात ठेवा. मला पुढं लागणार आहे.

शिक्षणानं मला काय दिलं, हे मी आज खरं खरं सांगते. एखाद्या दगडावरची झिजलेली अक्षरं दिवसेंदिवस बोटानं चाचपावीत आणि एका सकाळी ती सरळ वाचता यावीत, यासारखा आनंद मला दुसऱ्या कशानं दिलेला नाही. पगारानं नाही, लग्नानंही नाही. आमचे मिस्टर समोर बसलेत, त्यांना माहीत आहे, ते चहात साखर कमी असल्यासारखा चेहरा करतील फक्त. तेव्हा शिकू नका, असं सांगायला मी इथं उभी नाही. मी शिकले नसते तर आज कुठल्या तरी खिडकीच्या आतून हा समारंभ ऐकत असते. पण या आनंदासाठी काय काय द्यावं लागतं आणि ते कोण देतं, हे आपण समारंभात कधी बोलत नाही. समारंभात आपण फक्त पेढे वाटतो.

आज दुपारी विभागाच्या दारावरची सरांच्या नावाची पाटी काढली. खिळा तसाच आहे. त्या खिळ्यावर दुसरी पाटी येणार नाही, हे या सभागृहातल्या प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे. सरांची जागा भरली जाणार नाही. उरले मी. पहिल्या वर्षाला यंदा किती मुलं आली ते कुणी विचारू नका, प्राचार्य सरांना अवघडल्यासारखं होईल. परवा दोन माणसं आली. आमच्या खोलीला टेप लावली, लांबी घेतली, रुंदी घेतली, खिडक्या बघितल्या. मी म्हटलं, काय करायचंय इथं? त्यातला एक फार नम्रपणानं म्हणाला, 'मॅडम, आम्हाला फक्त मोजायला सांगितलंय.' वाघचौरे सर, मी तुम्हाला आज काही विचारत नाही. आज गव्हाणे सरांचा दिवस आहे. पण ज्या घराचं मोजमाप चाललंय, त्या घरात मला आज एक लेक आणायला सांगताय, एवढं फक्त लक्षात असू द्या.

आता मी एक नाव घेणार आहे. सुदर्शन मिसाळ. तो मागं दाराशेजारी, शेवटच्या खुर्चीवर बसलाय. कृपा करून माना वळवू नका. मी सकाळी त्याला विचारलं होतं, भाषणात तुझं नाव घेऊ का रे? तो म्हणाला, 'घ्या मॅडम. कुठंतरी घेतलं गेलं पाहिजे.'

त्याचे आधीचे मार्गदर्शक निवृत्त झाले तेव्हा याच सभागृहात, याच रीतीनं सुदर्शन सरांच्या हाती दिला गेला. त्याच्या आईनं, सरूबाईंनी त्याचा हात दिला. हात देताना त्या बाईनं डोक्यावरचा पदर असा सारखा केला, जणू देवासमोर उभी आहे. सर म्हणाले, 'आजपासून हे लेकरू माझं', आणि सरांनी ते शब्दशः पाळलं. माझ्या तीस-एक वर्षांच्या नोकरीत मी सुदर्शनइतका हुशार विद्यार्थी पाहिला नाही, माझ्यासकट. प्रबंध झाला. डॉक्टर झाला. तासिका तत्त्वावर शिकवायला लागला. पालकांसाठी सांगते, तास घेतला तर शिक्षक, घंटा झाली की कुणी नाही, असं ते तत्त्व आहे. कायमची जागा निघेल, असं सगळे म्हणत होते. सर दर वर्षी स्वतः जाऊन चौकशी करून यायचे आणि त्याला सांगायचे, धीर धर. मनापासून सांगायचे. पुढं तास कमी झाले, मग बंद झाले. सुदर्शन मात्र यायचा थांबला नाही. ग्रंथालयात खिडकीजवळ एक टेबल आहे, तिथं तो रोज येऊन बसतो. सुरुवातीला आम्ही विचारायचो, काय चाललंय सुदर्शन? तो म्हणायचा, 'झालंच आता.' काय झालं, काय व्हायचं राहिलं, हे आम्ही विचारायचो. आता कुणी विचारत नाही.

माणूस एकदम जात नाही, हो. तो आधी दिवाळीला गावी जाणं सोडतो. मग गावाकडचे फोन उचलणं सोडतो. मग त्याचा आवाज हळू हळू बारीक होत जातो. सुदर्शनचा आवाज एके काळी वर्गाच्या भिंती ओलांडून व्हरांड्यात यायचा. आता तो बोलतो तेव्हा कान जवळ न्यावा लागतो.

सरूबाई एकदा महाविद्यालयात आल्या होत्या. विभागाच्या दारात उभ्या राहिल्या, चप्पल बाहेर काढून. मला म्हणाल्या, 'बाई, ह्याची शाळा सुटायची कवा?' मी म्हटलं, मावशी, सुदर्शनची शाळा केव्हाच सुटली, तो डॉक्टर झाला. तर म्हणाल्या, 'मंग घरी का येत नाय?' त्या वेळी खोलीत अख्खा इतिहास विभाग हजर होता. सर होते, मी होते. आम्ही सगळे टेबलाकडं बघत राहिलो. वहिनींनी त्यांना घरी नेलं, जेवायला घातलं आणि बसमध्ये बसवून दिलं. सरूबाई पुन्हा आल्या नाहीत.

अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत. अण्णा, संपवतेच.

गेल्या पावसाळ्यापासून त्या खिडकीजवळच्या टेबलाला दुसरी खुर्ची लागलीय. अपेक्षाची. या शहराखालून पाणी वाहून आणणाऱ्या जुन्या नहरींवर ती काम करतेय. सुंदर काम आहे. उन्हातान्हात फिरते, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करते, झाकणं उघडून आत वाकून बघते. सुदर्शन तिला मदत करतो, तिच्यासाठी जागा धरून ठेवतो. भला माणूस आहे तो. दिवाळीत ती मला तिथंच दिसली. म्हटलं, गावी नाही गेलीस? म्हणाली, 'मॅडम, प्रकरण अर्धं राहिलंय.' मी कौतुकानं मान डोलावली, कारण हे उत्तर आम्हा सगळ्यांना फार आवडतं. आणि परवा, ती मापं घेणारी माणसं गेल्यावर, मी सहज ग्रंथालयात डोकावले. विचारलं, कसं चाललंय अपेक्षा? तिनं वर न बघता बारीक आवाजात सांगितलं, 'झालंच आता.'

मी म्हटलं, काय म्हणालीस? तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तिनं तेच पुन्हा म्हटलं. मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

तर मघाशी इथं काय झालं? श्रेयानं जाहीर केलं की अपेक्षा ढोले यांची तलाठी म्हणून निवड झाली होती, पण गुरूंवरच्या निष्ठेपोटी त्यांनी सरकारी नोकरी नाकारली, आणि हीच सरांना खरी गुरुदक्षिणा. तुम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णांनी उभं राहून वाजवल्या. मीही वाजवल्या. सभागृहात हात आपोआप उठतात. हात खाली आल्यावर मात्र कळलं, आपण कशाला टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं आपल्या पायाखालची जमीन काढून आपल्याला भेट दिली आणि आपण ती नारळासारखी ताटात ठेवून घेतली.

सर, तुम्ही तिला नोकरी सोड म्हणाला नाहीत. मी तिथं होते, मी साक्ष देते. ती निवडीची बातमी घेऊन आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, सर, जाऊ का? तुम्ही म्हणालात, 'जा बेटा. सगळेच जातात.' आणि चष्मा काढून पुसायला लागलात. तुम्ही तोंडानं जा म्हणालात. तिनं चष्मा पाहिला. आपली लेकरं शब्दाकडं लक्षच देत नाहीत, सर. ती चेहरा वाचतात. आणि वाचायला त्यांना आपणच शिकवलंय.

कडुबाभाऊ, एक विचारते. उठू नका, बसूनच सांगा. नोकरीवर हजर व्हायची मुदत कधीपर्यंत आहे?

मागं ऐकू गेलं नसेल. भाऊ म्हणतायत, 'सोमवारपस्तोर हाय मुदत, पर आता तिचं काय? पोरगी डाक्टर व्हणार, गावात पाटी लागली.'

भाऊ, आज शनिवार आहे.

मला माहीत आहे, तुम्ही किती आनंदानं आलात. नवी टोपी घातलीय. तुम्हाला वाटतंय, तलाठी तर काय, पाच गावांत एक सापडतो, डॉक्टर आपल्या वाडीत पहिलीच. बरोबर आहे तुमचं. तिच्या नावामागं डॉक्टर लागलेलं मलाही बघायचंय. पण भाऊ, ते लागल्यावर ती कुठं जाईल? हे तुम्हाला कुणी सांगितलं का? मी सांगते. ती त्या खिडकीजवळ बसेल. आणि एक दिवस तुम्ही आमच्या विभागाच्या दारात येऊन चप्पल काढाल, तर दारच तिथं नसेल. मोजून गेलेत ते.

श्रेया, ते ताट माघारी ने.

हो, बरोबर ऐकलंत. मी आज अपेक्षाचा हात माझ्या हातात घेणार नाही. 'हे लेकरू माझं' असं म्हणणार नाही, कारण ते माझं नाही. आशावहिनी, रडू नका, तुमच्या समारंभाला गालबोट लावायचं माझ्या मनात नव्हतं. अण्णा, बसा, हात जोडते, दोनच वाक्यं उरलीत. प्राचार्य सर, माझ्याऐवजी तिचा हात घ्यायला तुम्ही पुढं सरकू नका. रीत मोडली तर माझ्या नावावर मोडू द्या.

आणि सर, तुम्ही माझ्याकडं असे बघू नका. मला आयुष्यात कुणाची भीती वाटली असेल तर तुमच्या या बघण्याची. पण तुम्ही माझ्या अब्बांना शब्द दिला होता. मी खूश राहीन, असा दिला नव्हता. गप्प राहणार नाही, असा दिला होता. अब्बा गेले, दुकान गेलं, शब्द राहिला. तो आज मी तुमच्या वतीनं पाळतेय. तुमच्यावर माझी माया आहे म्हणून पाळतेय. तुम्हीच आम्हाला त्या अर्धवट लेण्यापुढं उभं केलं होतं. मग ही पोरगी अर्ध्या प्रकरणाशी थांबली तर तिचे हात वाचले असं का नाही म्हणायचं?

अपेक्षा, सोमवारी सकाळी हजर हो. नहरी कुठं जात नाहीत. इतकी वर्षं जमिनीखाली थांबल्यात, तुझी नोकरी पक्की होईपर्यंत थांबतील. नंतर रीतसर परवानगी काढ आणि ये. विभाग असला तर विभागात ये, नसला तर शहागंजात कुणालाही माझं घर विचार. त्या दिवशी तुझा हात तुझ्या वडलांनी द्यायची गरज नाही. तू स्वतः दे. मी तो घेईन, आणि नारळबिरळ काही लागणार नाही.

आता आभार. ज्यांनी सकाळपासून राबून बाहेरचा मांडव, ही फुलं, ही बसायची सोय केली, त्यांचे आभार. मागं बट्ट्या भाजणाऱ्या मंडळींचे आभार, त्यांच्या अन्नाला माझ्या बोलण्याची चव लागू नये. सरांना आणि वहिनींना निरोगी आयुष्य लाभो, ही दुआ मी रोज करते, आजही करते. मोठ्यांच्या सभेत माझा स्वर चढला असेल, मानापमानाचं भान राहिलं नसेल, तर आपली लहान बहीण समजून पदरात घ्यावं. शब्दांबद्दल माफी मागते. ताट माघारी पाठवलं, त्याबद्दल नाही.

मी खाली बसते.

थांबा. अपेक्षा, तू उठलीस. बरं केलंस.

नाही बेटा, इकडं नको. ते ताट श्रेयाच्या हातातून का घेतलंस? कडुबाभाऊ, तिला धरा. अपेक्षा, तुझे ओठ हलतायत, पण माईकपर्यंत काही येत नाही. या लोकांना ऐकू येत नाहीये. मला येतंय. 'झालंच आता', नको म्हणूस ते. पुढं येऊ नकोस, मी हात मागं घेतलेत. सर, तुम्ही तरी बोला. चष्मा राहू द्या सर, तोंडानं बोला.

सुदर्शन, तू दाराशी आहेस. दार उघड. मोठं उघड, तिला इथून दिसलं पाहिजे. आणि सोमवारपर्यंत ते कुणाला लावू देऊ नकोस.